बाई वाजवतायत

अनसूयाबाई काशीद आमच्या शाळेच्या हॉलमध्ये आल्या तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. हॉलमध्ये चपला काढायची पद्धत नव्हती. दिवसभर पोरं बुटांनी ती फरशी घासत असत. त्यांनी मात्र काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या, आणि एक काळा बॉक्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. बॉक्स माझ्या ओळखीचा होता. कितीतरी वर्षं दर गुरुवारी तो त्याच दारातून आत येताना मी पाहिला होता, फक्त धरणारा हात वेगळा असायचा.

शाळा नुकतीच सुटली होती. मी पियानोचं झाकण लावत होते.

"तुमीच का पेटीवाल्या बाई?"

"हो. मी सुगंधा उजागरे. या ना वहिनी, आत या."

वहिनी म्हणाले खरी, पण जीभ अडखळली. त्यांच्या नवऱ्याला मी कधी भाऊ म्हटलं नव्हतं. मी त्यांना मास्तर म्हणायची आणि ते मला बाई म्हणायचे. त्यापलीकडे एकमेकांना हाक मारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

काशीद मास्तर जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. लष्करी बँडमध्ये उभी हयात सॅक्सोफोन वाजवून ते निवृत्त झाले आणि कराडकडच्या आपल्या गावी न जाता इथेच, नगरजवळच्या भिंगारमध्ये राहिले. त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे वाजवलं, न्याहारी केली, सायकल काढून बाजाराला निघाले. वेशीपाशी सायकलवरून उतरून कट्ट्यावर बसले ते बसलेच. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला हे शाळेच्या शिपायाकडून कळलं. मी त्यांच्या घरी भेटायला गेले नाही. कुठल्या नात्याने जायचं, तेच मला ठरवता येईना.

आता ते घर स्वतःच चालत माझ्याकडे आलं होतं.

अनसूयाबाईंनी बॉक्स बाकावर ठेवला आणि पियानोकडे निरखून पाहिलं. कपाटासारखा उभा, जुना, मिशनच्या कुण्या मडमेने मागे ठेवलेला पियानो होता तो. दोन-चार पट्ट्यांचं हस्तिदंत उडालं होतं.

"येवढी थोरली व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, भजनातल्यासारखी आसंल."

"पाणी आणू?"

"नगं. बसा तुमी."

मी बसले. माझ्याच हॉलमध्ये मला कुणीतरी बसवतंय, याचं हसूही आलं नाही.

ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या, त्या संगीताबद्दल आधी सांगायला हवं. मास्तरांपाशी एक जुनं नोटेशन होतं. गोऱ्या साहेबांच्या काळातलं, मेसच्या लायब्ररीने टाकून दिलेलं. सॅक्सोफोन आणि पियानो या दोघांनीच वाजवायची तीन भागांची रचना. अशा रचनेला सोनाटा म्हणतात. वरचं मुखपृष्ठ फाटून गेलेलं, त्यामुळे तो कुणी लिहिला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आत फ्रेंचमध्ये काहीबाही सूचना होत्या; त्या आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हत्या, तेव्हा आम्ही आमच्या अंदाजाने जायचो. सॅक्सोफोन म्हटलं की लोकांना वरात आठवते किंवा सिनेमातलं हॉटेल. हा सोनाटा तसला नव्हता. तो दोन शहाण्या माणसांनी हळू आवाजात बोलत बसावं तसा होता.

शाळेच्या एका समारंभाला मास्तर वाजवायला आले, त्यांनी पियानो पाहिला आणि पुढच्या गुरुवारी नोटेशन घेऊन हजर झाले. "बाई, ह्यातला अर्धा भाग माझ्यापाशी आहे," म्हणाले, "उरलेला तुमच्या हातात आहे का, बघा जरा." तेव्हापासून दर गुरुवारी शाळा सुटली की आमचा सोनाटा. हॉलची दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची आणि भानुदास शिपायाने व्हरांड्यात स्टुलावर बसायचं, ही अट मास्तरांनीच घातली होती. भिंगार ते केवढं. मी चर्चमध्ये वाजवणारी, लग्नाचं वय उलटलेली मास्तरीण, आणि ते बायको असलेले, लेकींची लग्नं केलेले. लोकांना चघळायला एवढं पुरतं. भानुदासला आमचा सोनाटा पाठ झाला होता आणि अजिबात आवडत नव्हता. "बाई, ह्याला चाल कुठाय?" असं तो दर महिना-दोन महिन्यांनी मला विचारून घ्यायचा.

आम्ही बोलायचो फार कमी. चहा व्हायचा. मास्तर सॅक्सोफोनच्या तोंडाची वेताची पट्टी, रीड, ओली करायला ओठांत धरून बसायचे, म्हणजे बोलणं आपोआप बंद.

"बाई," अनसूयाबाई म्हणाल्या, "सांच्याला बँडवाला येनार हाय. ह्यो बाजा घेऊन जातो म्हनतोय. पोरी म्हनत्यात, देऊन टाक. घरात ठिवून काय करायचा."

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"त्येच ठरवाया आले." त्यांनी पदर सावरला. कपाळ मोकळं होतं आणि त्याची सवय त्यांना अजून झाली नव्हती. हात सारखा तिथे जात होता. "मला तुमची बाजू ऐकायची हाय."

इतकी वर्षं ज्या बोलण्याच्या भीतीने दारं उघडी ठेवली, ते बोलणं आज समोर बाकावर येऊन बसलं, असं मला वाटलं. मी म्हणाले, "वहिनी, देवाशपथ सांगते, आमच्यात तसलं काही..."

"तसलं इचारलं का म्या?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमची बाजू म्हंजी वाजवायची. पेटीची. त्यांची बाजू मला पाठ हाय. रोज सकाळी अंगनात हुबं ऱ्हाऊन वाजवायचे. म्या आत चुलीम्होरं. कळाया काय लागतंय, इतकी वर्सं ऐकल्यावर? पर त्ये मधीच थांबायचे. बाजा व्हटाला लावल्याला, डोळं मिटल्यालं, पाय तेवढा हालायचा. लई येळ. सुरवातीला म्या बाहीर येऊन इचारायची, काय झालं वो? का थांबला? तर हात वर करायचे, गप ऱ्हा म्हनून. आन् म्हनायचे, आत्ता माझं न्हाई. बाई वाजवतायत."

हॉलमध्ये मी आणि त्या, दोघीच होतो. तरी मी मागे वळून पाहिलं.

"अंगनात बाई न्हाई, पेटी न्हाई," अनसूयाबाई म्हणाल्या. "शेवग्याचं झाड आन् पान्याची टाकी. आन् ह्ये म्हनायचे, बाई वाजवतायत. कवा कवा गालात हसायचे बी. माझ्या अंगनात रोज काय तरी वाजत व्हतं, बाई, आन् त्ये मला येकटीलाच ऐकू येत नव्हतं. आता त्ये न्हाईत. आता तरी ऐकू द्या. नुसता बाजाच आसंल तर ठेवीन घरात. दुसरं काय आसंल, तर जाऊ दे वरातीत."

मला नाही म्हणता आलं नाही. म्हणावंसंही वाटलं नाही. मलाही मास्तर गेल्यापासून सोनाटा काढायचा धीर झाला नव्हता; प्रार्थनेची गीतं तेवढी वाजवून मी झाकण लावत होते. मास्तर माझ्या उजव्या खांद्यामागे उभे राहायचे. ती जागा मला पाठीने कळायची. एवढे दिवस ती जागा भरलेलीच होती, आणि मागे पाहिलं की फक्त खिडकी दिसायची.

"मास्तरांच्या जागी शांतता असेल," मी म्हणाले. "तुम्हाला विचित्र वाटेल."

"मला त्याची सवं हाय," त्या म्हणाल्या. "म्या त्ये भरून घेईन मनात. तुमी वाजवा."

मी सुरुवात केली. माझे थोडे सूर, मग मास्तरांचा प्रवेश. तिथे आले. सॅक्सोफोन यायला हवा तिथे आला नाही. पण फरशीवर आवाज आला. अनसूयाबाईंचा अनवाणी पाय ठेका धरत होता. मान किंचित हलली आणि ती बरोबर तिथे हलली जिथे मास्तर आत यायचे. त्यांना खरंच सगळं पाठ होतं. मी वाजवत गेले. जिथे सॅक्सोफोन गप्प आणि पियानो एकटाच बोलतो, तिथे त्या पुढे झुकायच्या आणि एकेक सूर हातात घेऊन बघावा तशा ऐकायच्या. ह्याच त्या जागा, जिथे मास्तर अंगणात डोळे मिटून उभे राहत. एकदा तर त्या अस्फुट म्हणाल्या, "ह्ये व्हय." पुन्हा थोड्या वेळाने, "हां. हितं हसायचे."

तिथे माझ्या बोटांची एक खोडकर धाव आहे, खालून वर आणि तशीच परत. मास्तर तिथे हसायचे हे मला ठाऊक नव्हतं. ते माझ्या पाठीमागे असायचे.

पहिला भाग संपला. अनसूयाबाईंचा चेहरा निवळला होता. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "कुनी तरी निवांत घर झाडतंय जनू." ही माझ्या वादनाची आजवर झालेली सगळ्यात नेमकी स्तुती. मला हायसं वाटलं. एवढ्यावर थांबले असते तर सॅक्सोफोन आनंदाने घरी गेला असता आणि आम्ही दोघीही सुखाने झोपलो असतो.

"आन् त्ये सावकाश?" त्यांनी विचारलं. "त्ये वाजवा."

दुसरा भाग संथ आहे. त्यात सॅक्सोफोनची एक लांबच लांब ओळ येते. नोटेशनमध्ये तिच्यावर पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकच कमान काढलेली आहे. म्हणजे ती एका दमात वाजवायची, मध्ये तोडायची नाही. पहिल्या वर्षी मास्तर ती तशीच वाजवायचे. पुढे कधीतरी ते त्या ओळीच्या मध्यावर सूर सोडायला लागले. किंचित थांबायचे आणि मग उरलेली ओळ पुरी करायचे. मी ओळखलं की दम पुरत नाही. माणूस पन्नाशी ओलांडलेला, जन्मभर फुंकलेलं. मी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना लाज वाटू नये म्हणून तिथे मीच माझी गती सैल करायला लागले, म्हणजे त्यांना श्वास भरायला अवकाश मिळावा.

याला एक कारण होतं. एकदा चहा पिताना ते म्हणाले होते, "बाई, बँडात एक बरं असतं. लांब सूर आला की सगळे एकदम दम घेत नाहीत. माझा संपला की शेजारचा धरून ठेवतो, त्याचा संपला की मी. ऐकणाऱ्याला वाटतं सूर तुटलाच नाही. इथं मला शेजारी नाही."

"मी आहे की," मी म्हणाले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं आणि रीड तोंडात धरली होती.

तर मी त्यांची शेजारीण झाले. ती ओळ आली की मी वाट पाहायची. मला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला. कुणाचं तरी उणं आपण झाकतोय आणि त्याला कळूही देत नाही, यात एक सुख असतं. एकट्या बाईच्या वाट्याला अशी सुखं मोजकी येतात.

त्या दिवशीही ती ओळ आली, हात आपोआप सैलावले. डाव्या हाताचे चार सूर, अगदी हलके, खालून वर चढणारे, सावकाश वाजले. मी थांबले आणि पुढे गेले.

पायाचा ठेका बंद झाला.

"चुकलं," अनसूयाबाई म्हणाल्या.

"काय चुकलं?"

"तुमी थांबलात. म्या म्होरं गेले."

"तिथे थांबावं लागायचं, वहिनी." आता सांगायला हरकत नव्हती. "मास्तरांचा दम पुरत नव्हता त्या जागी. मध्ये श्वास घ्यायचे. मी कधी बोलले नाही, पण छातीचं दुखणं तेव्हापासूनच असणार. मला आधी बोलायला हवं होतं, असं आता वाटतं."

"हितं?" त्यांनी विचारलं. "ह्या वळीत?"

"हो."

"न्हाई, बाई."

"मी दर गुरुवारी ऐकलंय."

"आन् म्या रोज सकाळी." त्या बाकावरून उठल्या आणि पियानोजवळ आल्या. "म्या अडानी हाय. पर ही वळ मला कुनी शिकवू नये. ही वळ चालू झाली की म्या भाकरी तव्यावर टाकायची आन् पानी लावायची. वळ सपली की उलटायची. इतकी वर्सं तसंच. मधी कवा तुटली आसती तर म्या हात घातला आसता आन् भाकरी मोडली आसती. येक बी मोडली न्हाई. त्ये गेले त्या दिशी सकाळी बी न्हाई. छाती काय बी झालेली नव्हती त्यांची. येका दमात वाजवली आन् वर म्हनाले, भूक लागली."

मी म्हणाले, हॉल मोठा आहे, इथे जास्त फुंकावं लागत असेल. मग म्हणाले, माझ्याबरोबर गती संथ होत असेल. मग आणखी काहीतरी म्हणाले. त्या सगळं ऐकून घेत होत्या, आणि बोलता बोलता माझं मलाच ते लटकं वाटायला लागलं. बाजूला तो काळा बॉक्स होता. त्याच्याकडे मला बघवेना.

"परत वाजवा," त्या म्हणाल्या. "न थांबता. घरी वाजायची तशी."

मी वाजवलं. त्या जागी आले आणि हात थांबले. ठरवून नाही. बोटं आपली आपणच सैलावली, चार सूर गेले, आणि मी पाठीमागच्या श्वासाची वाट पाहत बसले.

"परत."

पुन्हा तेच झालं. या वेळी मी दात आवळले होते, तरी तेच. तिथे कुणीतरी थांबलेलं होतं आणि ते पुढे निघाल्याशिवाय मला पुढे जाता येत नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले. "मला नाही जमत, वहिनी," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि परक्या बाईसमोर ते येऊ द्यायचं नव्हतं.

अनसूयाबाईंनी क्षणभर विचार केला. मग माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. ती जागा कुणाची हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

"म्या धरते," त्या म्हणाल्या. "तुमी चाला."

आणि त्यांनी ती ओळ गायला सुरुवात केली. शब्द नव्हते, नुसता आकार. जात्यावर, शेतात, लग्नाच्या मांडवात कमावलेला मोकळा आवाज होता तो. पट्टी जराशी उतरलेली, पण सुरांची लांबी मास्तरांची, वळणं मास्तरांची, शेवटाकडे जाताना किंचित घाई करायची खोडही मास्तरांचीच. त्या जागी आम्ही दोघी पोहोचलो. आवाज तुटला नाही. तो सरळ पुढे गेला आणि त्याच्या मागोमाग माझे हातही गेले, न थांबता. ओळ पुरी झाली. पहिल्या वर्षानंतर मी ती अशी कधी वाजवली नव्हती.

मी हात उचलले. बाहेर भानुदासने स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"बाई," अनसूयाबाई मागून म्हणाल्या. आवाज बदललेला होता. "मगाशी तुमी थांबलात तवा खाली च्यार सूर आले. येकामागं येक. वर चढत जानारे. लई ग्वाड. आत्ता त्ये आलेच न्हाईत."

"आले," मी म्हणाले. "मी वाजवले."

"मंग मला का ऐकू आले न्हाईत?"

मलाही ते ऐकू आले नव्हते. माझ्याच बोटांखालचे सूर. नोटेशनमध्ये ते सगळ्यात हळू वाजवायचे म्हणून लिहिले आहेत. भरतीचे सूर, कुणाच्या लक्षात येऊ नयेत असे. वरची ओळ चालू असेल तर ते झाकलेच जातात. पहिल्या वर्षी ते झाकलेले होते. मी स्वतः त्यांच्याकडे कधी कान दिला नव्हता.

"म्या गळा काढला की तुमचं झाकतंय," अनसूयाबाई सावकाश म्हणाल्या. एकेक शब्द त्या जणू स्वतःलाच सांगत होत्या. "म्हनून त्ये गप व्हायचे. हितं. घरी न्हाई. घरी कुनासाठी गप बसायचं?"

मी पियानोच्या पट्ट्यांकडे बघत बसले. सगळं एकदम कळलं आणि कळल्याबरोबर त्याचं काही करता येण्याची वेळ गेलेली होती. मी त्यांचं उणं झाकत नव्हते. त्यांना उणं नव्हतंच. ते दर गुरुवारी आपला सूर मध्ये तोडून माझे चार सूर ऐकायला थांबत होते, आणि मी मात्र त्यांना दम घ्यायला वेळ देत होते. माझ्यासाठी आयुष्यात कुणी कधी थांबलं नाही, असं मी त्या दिवसापर्यंत धरून चालले होते. त्यावर मी माझं सगळं वागणं, बोलणं, साड्यांचे रंगसुद्धा बेतले होते.

आता मात्र रडू आवरलं नाही. मी पदर तोंडाला लावला.

अनसूयाबाई समोर आल्या. त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला; बाजारात माल पारखावा तसं, घाई न करता. मी खोटं बोलते आहे का, ते त्या बघत होत्या.

"तुमाला ठावं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही. मला वाटलं, दम."

"मला बी ठावं नव्हतं." त्या बाकावर बसल्या. "म्हंजी तिघांत त्यांनाच ठावं. येकट्याला."

त्या रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. मी वाट पाहत होते की आता त्या काहीतरी बोलतील, ज्याची लाज मी जन्मभर बाळगीन. त्यांनी बॉक्स उघडला. आत पितळी सॅक्सोफोन होता, स्वच्छ पुसलेला. त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला आणि बॉक्स पुन्हा बंद केला.

"बँडवाल्याला देनार?" मी विचारलं.

"न्हाई."

"पण तुम्ही म्हणाला होतात, दुसरं काही असेल तर..."

"म्हनले व्हते." त्या उठल्या, बॉक्स पोटाशी धरला. "घरी त्यांनी ती वळ कवा तोडली न्हाई. येक दिस बी न्हाई. तेवढी माझी. तोडलेली तुमची. तुमी ठिवा."

दारात त्यांनी चपला घातल्या. एका चपलेचा अंगठा निसटत होता, तो वाकून बसवला. मला वाटलं, त्या वळून बघतील. त्या भानुदासला म्हणाल्या, "येते रं बाबा," आणि पायऱ्या उतरून गेल्या.

याला आता तीसेक वर्षं होऊन गेली. अनसूयाबाई पुन्हा कधी आल्या नाहीत, मीही गेले नाही. तो सोनाटा मी दुसऱ्या कुणाबरोबर वाजवला नाही. पुढे बदलून आलेल्या एका साहेबाचा मुलगा क्लॅरिनेट वाजवायचा, त्याने विचारलं, तर मी सांगितलं की त्यातली काही पानं हरवली आहेत. पानं सगळी होती.

फक्त एकदा, त्याच वर्षी, थंडीत, सकाळच्या उपासनेला उशीर झाला म्हणून मी जवळच्या गल्लीने निघाले. ती गल्ली मास्तरांच्या घरामागून जाते. कुंपणापलीकडे शेवग्याचं झाड होतं, पाण्याची टाकी होती. अंगण रिकामं होतं. चुलीचा धूर येत होता, आणि आतून तो आवाज आला. नुसता आकार. ती लांब ओळ.

मी कुंपणापाशी थांबले. ओळ मध्यावर आली तेव्हा माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलली आणि खांद्यावरच्या पर्सच्या कातड्यावर ते चार सूर वाजवून गेली. त्यांच्यावरून आवाज न तुटता पुढे गेला. मला माझे सूर ऐकू आले नाहीत.

ओळ संपली. आत भाकरी उलटली असेल. मी चर्चकडे निघाले.